आमची जमीन आकृतीत आहे, आम्ही नाही
राज्यातील भूसंपादन अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
राज्यातील सर्व भूसंपादन अधिकारी व सक्षम प्राधिकारी,
तसेच मंत्रालयात बसून भूसंपादनाची प्रक्रिया आखणारे सर्वजण

स.न.वि.वि.

आमच्या भागातल्या एका भूसंपादन कार्यालयाने भिंतीवर मोठा रंगीत फलक लावला आहे. प्रस्ताव, अधिसूचना, हरकती, संयुक्त मोजणी, घोषणा, निवाडा, वाटप, ताबा अशा चौकटी, एकीतून दुसरीत जाणारे बाण, प्रत्येक चौकटीखाली मुदतीचे दिवस आणि त्या कामाला जबाबदार अधिकाऱ्याचे पदनाम. शेवटची ‘ताबा’ची चौकट हिरव्या रंगात. फलक नीटनेटका आहे आणि असे फलक लावावेत, या मताची मीही आहे. फक्त ज्याची जमीन जाते तो माणूस त्यावर कुठेच नाही. त्याच्या नावाची चौकट नाही आणि त्याच्या बाजूने निघणारा एकही बाण नाही.

कार्यालयाचे नाव लिहीत नाही, कारण तक्रार त्या एका भिंतीपुरती नाही. राष्ट्रीय महामार्गांसाठी २०१८ पासून भूमिराशी नावाचे पोर्टल चालते, अधिसूचनांचे मसुदे त्यातून पुढे सरकतात, कोणती फाइल कुठे अडली ते दिल्लीत बसून दिसते. तिथेही मांडणी हीच. सरकारची फाइल कुठे पोचली ते कळते. खातेदाराचे काय झाले ते कळत नाही.

मी पुण्यात एका कंपनीत कामाच्या प्रक्रियांच्या आकृत्या काढते. बँकेत कर्जाचा अर्ज आल्यापासून पैसे खात्यात पडेपर्यंत कोण काय करतो, किती वेळात करतो, नाही केले तर पुढे काय, हे कागदावर मांडणे हा माझा पोटापाण्याचा उद्योग. या धंद्यात नव्या पोरांना पहिल्या आठवड्यात शिकवतो ते असे: ज्याच्यासाठी किंवा ज्याच्यावर प्रक्रिया घडते, त्याचा पट्टा, म्हणजे त्याच्या टप्प्यांची आडवी ओळ, सगळ्यात वर काढायचा. ग्राहकाचा पट्टा नसलेली आकृती आमच्याकडे कोणी मंजूर करत नाही.

आणि माझे वडील माणदेशाच्या कडेला शेती करतात. आमच्या गटातून राष्ट्रीय महामार्ग गेला. बांधापलीकडे चुलत्यांचे रान, त्यातून उपसा सिंचनाचा कालवा गेला. आमचे संपादन १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग अधिनियमाखाली, चुलत्यांचे २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली. एक बांध, दोन कायदे. त्यामुळे दोन्ही प्रक्रिया घरातूनच बघायला मिळाल्या. ही संधी मागून घेतलेली नाही.

रस्ता नको, कालवा नको, असे आमच्या घरात कोणी म्हणत नाही. दुष्काळी माणसाला कालव्याची किंमत कोणी शिकवायला नको. पण जमीन सक्तीने घ्यायची तर ती कशी घ्यायची, याबद्दल काही गोष्टी जाहीरपणे बोलायला हव्यात.

पहिली गोष्ट नोटिशीची. महामार्ग कायद्यात ‘थ्री-ए’ची, म्हणजे कलम ३-ए ची, जमीन घेण्याचा इरादा सांगणारी अधिसूचना राजपत्रात निघते, तिचा सारांश दोन वर्तमानपत्रांत छापतात. हरकतीला २१ दिवस, आणि ते मोजायचे राजपत्राच्या तारखेपासून. आमच्या वस्तीवर राजपत्र येत नाही. वर्तमानपत्र येते, ते स्टँडवरच्या हॉटेलात, आणि त्यात जाहिरात येईपर्यंत २१ मधले काही दिवस उडालेले असतात. मालकाच्या हातात लेखी नोटीस पडलीच पाहिजे अशी सक्ती या कायद्यात पहिल्यांदा दिसते ती ‘थ्री-ई’ला, म्हणजे ६० दिवसांत ताबा द्या असे सांगताना. मधल्या काळात आपल्यापैकी काही अधिकारी स्वतःहून घरोघर नोटिसा पाठवतात, त्यांचे आभार. पण अधिकारी चांगला निघण्यावर माझ्या वडिलांचा हक्क अवलंबून असू नये. चुलत्यांना २०१३ च्या कायद्याने ६० दिवस मिळाले, ग्रामपंचायतीत आणि तहसील कार्यालयात नोटीस लागली, मराठीत. हरकतीवरचा आपला निर्णय मात्र महामार्ग कायद्यात अंतिम. ‘हरकत फेटाळली’ एवढ्यावर ती चौकट संपते.

दुसरी गोष्ट क्रमाची. महामार्ग कायद्यात ‘थ्री-डी’ची घोषणा निघाली की जमीन त्याच दिवशी केंद्र सरकारची होते, सगळ्या बोजांतून मोकळी. भरपाई ठरते त्यानंतर, ‘थ्री-जी’ला, म्हणजे निवाड्यात. म्हणजे मालकी पाचव्या चौकटीत जाते आणि पैसे त्याच्या पुढे कधीतरी. ताबा पैसे जमा झाल्यावरच घेता, हे मान्य. पण मधल्या काळात शेतकरी काय असतो? जमीन त्याची नाही, पैसे त्याचे नाहीत, पीक मात्र त्यानेच घ्यायचे. सातबाऱ्याच्या इतर हक्कात नोंद पडली आणि सोसायटीने वडिलांना पीककर्ज नाकारले. सचिव म्हणाले, “नाना, उताऱ्यावर भूसंपादन दिसतंय, वर विचारावं लागेल.” ते वर विचारणे अजून चालू असावे. डाळिंबाची बाग त्या हंगामात उधारीच्या औषधांवर धरली. आपल्या फलकावर ‘घोषणा’ आणि ‘निवाडा’ यांच्यामध्ये एक बाण आहे, अर्धा इंच लांबीचा. त्या अर्ध्या इंचात काय काय होते ते लिहायला मला हा परिच्छेद लागला.

तिसरी गोष्ट भावाची. इथे थोडे थांबावे लागेल, कारण सगळी गोम इथे आहे.

फलकावर हे सगळे ‘निवाडा’ या एकाच चौकटीत आहे. २०१३ च्या कायद्याचे कलम २६ ती उघडून दाखवते, आणि २०१५ पासून भरपाईच्या या तरतुदी महामार्गांनाही लागू आहेत. रेडी रेकनरचा, म्हणजे मुद्रांकासाठी सरकारने ठरवलेला, दर बघायचा. आसपासच्या गावांतली मागच्या तीन वर्षांतली तशाच जमिनीची खरेदीखते काढायची, त्यातल्या चढ्या भावाच्या निम्म्या खतांची सरासरी घ्यायची. दोन्हींत जास्त भरेल तो बाजारभाव. ग्रामीण भागात त्याला गुणक लावायचा, १ ते २ यांमधला. तो राज्याने ठरवायचा. मग झाडे, विहीर, बांधकाम यांची किंमत मिळवायची आणि येईल त्या रकमेइतकीच दिलासा रक्कम वर द्यायची. कागदावर हे सूत्र शेतकऱ्याच्या बाजूचे आहे. ज्यांनी लिहिले त्यांनी विचार करून लिहिले.

पण सूत्रात घालायचे आकडे कोण निवडतो? आमच्याकडे व्यवहार मुळात थोडे. जे होतात त्यांची खते सरकारी दराला टेकवून केलेली, वरची रक्कम रोखीत. हे आपल्यालाही ठाऊक आहे आणि आम्हालाही. एखादे खत खऱ्या भावाचे असले तर ते ‘अपवादात्मक’ म्हणून वगळायची मुभा कायदाच आपल्याला देतो. मुभेला माझी हरकत नाही. कोणते खत घेतले, कोणते वगळले आणि का, हे निवाड्यात लिहिलेले नसते, याला आहे. वडिलांच्या निवाड्यात त्या जागी एक ओळ आहे: ‘उपलब्ध खरेदी-विक्री व्यवहारांचा विचार करून’. बँकेच्या कर्जप्रक्रियेत व्याज असे लिहिले तर रिझर्व्ह बँक दुसऱ्या दिवशी दारात उभी राहील.

आता गुणक. २०१५ मध्ये राज्याने ग्रामीण भागासाठी तो २ केला. २०२१ मध्ये महामार्गांपुरता तो १ वर आणला. ऐकायला फरक एका अंकाचा. हिशोब करून बघू. जमिनीचा बाजारभाव हेक्टरी १० लाख धरा. गुणक २ असेल तर २० लाख, त्यावर तेवढीच दिलासा रक्कम, एकूण ४० लाख. गुणक १ असेल तर १० आणि १०, एकूण २० लाख. बांधापलीकडे चौपट, अलीकडे दुप्पट. माती तीच, पाऊस तोच, खड्डे काढले तर मुरूम त्याच खोलीवर लागतो. घेतलेली जमीन कालव्याखाली जाणार की डांबराखाली, एवढ्यावरून निम्मे पैसे कापले गेले.

हा भेद चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने पन्नास वर्षांपूर्वी नागपूर सुधार प्रन्यासाच्या खटल्यात सांगितले आहे: जमीन कोणत्या सार्वजनिक कामासाठी घेतली यावरून मालकाच्या भरपाईत फरक करता येत नाही, कारण मालकाच्या दृष्टीने जमीन गेली ती गेली. महामार्ग कायद्यात दिलासा रक्कम नव्हती, तेव्हा सप्टेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने याच तत्त्वावर ती वगळणूक घटनाबाह्य ठरवली. त्यानंतर दोनच वर्षांत आपल्या राज्याने गुणकाच्या वाटेने तोच फरक परत आणला. हा निर्णय आपण खालच्या अधिकाऱ्यांनी घेतला नाही, हे मला माहीत आहे. पण तो अमलात आणताना एकाही कार्यालयाने वर लेखी विचारणा केली असेल, तर ती जरूर प्रसिद्ध करावी. मला वाचायला आवडेल.

चौथी गोष्ट मोजणीची आणि झाडांची. मोजणी भूमी अभिलेखची, फळझाडे कृषी विभागाकडे, इतर झाडे वन विभागाकडे, बांधकाम सार्वजनिक बांधकामकडे. प्रत्येक जण आपापल्या तारखेला येतो आणि पंचनाम्यावर सही घेऊन जातो. प्रत मागितली की “निवाड्याच्या वेळी मिळेल.” आमची विहीर रस्त्यात गेली नाही, पण विहिरीपासून रानात जाणारी पाइपलाइन गेली. विहीर एका बाजूला, बाग दुसऱ्या बाजूला, मध्ये महामार्ग. तुकडे पडल्याने होणारे नुकसान भरपाईत धरावे असे ‘थ्री-जी’मध्ये स्वच्छ लिहिले आहे. आमच्या निवाड्यात त्या रकान्यात आडवी रेघ आहे.

पाचवी गोष्ट दाद मागण्याची. महामार्गाच्या निवाड्याविरुद्ध लवादाकडे जायचे. लवाद केंद्र सरकार नेमते आणि तो बहुधा महसूल खात्यातलाच वरिष्ठ अधिकारी असतो. प्रांताधिकाऱ्याने ठरवलेली रक्कम चुकली का, हे त्याच खात्यातल्या वरच्या साहेबांनी सांगायचे, तेही बाकीच्या शंभर कामांतून वेळ काढून. तिथे समाधान झाले नाही तर जिल्हा न्यायालय. पण जुलै २०२१ च्या निकालाप्रमाणे ते न्यायालय लवादाचा निर्णय रद्द करू शकते, रक्कम वाढवून देऊ शकत नाही. म्हणजे खटला जिंकलेला शेतकरी पुन्हा लवादाच्या दारात. माझ्या धंद्यात अशा बाणाला आम्ही ‘लूप’ म्हणतो आणि त्यातून बाहेर पडायची अट लिहिल्याशिवाय आकृती पुढे सरकत नाही. एप्रिल २०२५ मध्ये घटनापीठाने निर्णयात मर्यादित बदल करण्याची मुभा न्यायालयांना दिली. त्या मर्यादेत हेक्टरी भाव बसतो का, हे पुढच्या खटल्यांत कळेल. चुलत्यांना मात्र २०१३ च्या कायद्याखाली स्वतंत्र प्राधिकरणाकडे जाता येते आणि तिथे रक्कम वाढू शकते.

सहावी गोष्ट सातबाऱ्यावर नाव नसलेल्यांची. आमच्या रानात वर्षानुवर्षे कामाला येणारी दोन कुटुंबे आहेत. २०१३ च्या कायद्याने बाधित कुटुंबाच्या व्याख्येत शेतमजूर आणि कुळेही धरली, तीन वर्षे त्या जमिनीवर पोट असले तर. त्यांची मोजदाद व्हायची ती सामाजिक प्रभाव मूल्यांकनात, म्हणजे प्रकल्पाचा लोकांवर काय परिणाम होईल या पाहणीत. राज्याने २०१८ च्या दुरुस्तीने पायाभूत सुविधांसह अनेक प्रकल्पांना त्या मूल्यांकनातून सूट देण्याची सोय केली आणि महामार्ग कायद्याच्या प्रक्रियेत तो टप्पा आधीपासूनच नाही. फलकावरून एक चौकट कमी झाली, सहा महिने वाचले. ती दोन कुटुंबे कोणत्याच कागदावर आली नाहीत. आणि बहिणी? वाटपाच्या वेळी आत्यांना बोलावणे आले ते संमतीपत्रावर सही करायला. किती रकमेवर सही करतोय हे त्यांना तिथे गेल्यावर कळले. हिश्शावरून वाद झाला तर रक्कम दिवाणी न्यायालयात जमा होते, या एका वाक्यावर किती बायकांनी गुमान सही केली असेल, याची नोंद कुठल्या पोर्टलवर नाही.

सातवी गोष्ट वेळेची, आणि ती थोडक्यात. २१ व्या दिवसानंतर आलेली हरकत ऐकली जात नाही. आपल्या निवाड्याला उशीर झाला तर २०१३ च्या कायद्यात सरकार मुदत वाढवून घेऊ शकते. मुदती दोघांनाही आहेत. त्या चुकल्याचा भुर्दंड एकालाच.

१६ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोलकाता महानगरपालिकेच्या खटल्यात मालमत्तेच्या हक्काबद्दलच्या राज्यघटनेच्या अनुच्छेद ३००-अ चा अर्थ लावताना सक्तीच्या संपादनाचे सात भाग सांगितले: नोटीस मिळण्याचा हक्क, म्हणणे ऐकले जाण्याचा, कारणांसह निर्णयाचा, केवळ सार्वजनिक कामासाठीच संपादन होण्याचा, वाजवी भरपाईचा, वेळेत व सक्षमपणे प्रक्रिया होण्याचा, आणि ती शेवटाला नेली जाण्याचा. बघा, न्यायालयानेही प्रक्रियेची आकृतीच काढली आहे. फक्त तिच्यातले सातही टप्पे ज्याची मालमत्ता जाते त्याच्या बाजूने लिहिले आहेत. आपल्या फलकावर अधिकाऱ्याचे काम आहे, न्यायालयाच्या यादीत नागरिकाचा हक्क. टप्पे तेच.

मुळशीत १९२१ साली, कोयनेच्या खोऱ्यात, जानेवारी १९८४ मध्ये उरणजवळच्या जासईला लोकांनी काय मागितले आणि त्यापायी काय सोसले, ते आपल्याला माझ्याहून जास्त माहीत असेल. जासईच्या आंदोलनात गोळीबारात पाच माणसे गेली, त्यानंतर काही वर्षांनी घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. आकृतीत माणसाला जागा मिळायला एवढी किंमत दर वेळी मोजावी लागू नये, म्हणून हे पत्र आंदोलनाच्या आधी लिहिते आहे. मागण्या अशा:

१. प्रत्येक कार्यालयाच्या फलकावर आणि पोर्टलवर खातेदार, सहहिस्सेदार, कूळ आणि शेतमजूर यांचा स्वतंत्र पट्टा काढावा. कोणत्या टप्प्याला त्यांना काय मिळाले पाहिजे, कोणत्या कलमाने, आणि नाही मिळाले तर कोणाकडे जायचे, हे मराठीत लिहावे. तो फलक कार्यालयात आणि चावडीवर, दोन्हीकडे लावावा.

२. ‘थ्री-ए’ निघाल्याच्या दिवशीच सातबाऱ्यावरच्या प्रत्येक नावाला लेखी नोटीस निघावी. २१ दिवस हातात नोटीस पडल्यापासून मोजले जावेत यासाठी राज्याने केंद्राकडे कायदादुरुस्ती मागावी.

३. निवाड्याला हिशोबाचे परिशिष्ट जोडावे: विचारात घेतलेली खते, वगळलेली खते आणि कारण, गुणक, झाडांची संख्या व दर, तुकडे पडल्याचे नुकसान. आडवी रेघ असेल तर ती का, हेही.

४. संयुक्त मोजणीचा नकाशा व प्रत्येक पंचनाम्याची प्रत सही घेतल्याच्या दिवशीच द्यावी.

५. ग्रामीण जमिनीला सगळ्या कामांसाठी गुणक २ असावा, आणि ज्यांचे निवाडे १ ने झाले त्यांची फेरआकारणी व्हावी. या मागणीवर तडजोड सुचवू नये.

६. घोषणा झाल्यापासून पैसे मिळेपर्यंत शेतकऱ्याचे पीककर्ज अडणार नाही, असे स्पष्ट पत्र सहकार व महसूल विभागाने मिळून बँकांना आणि सोसायट्यांना पाठवावे.

७. लवाद महसूल खात्याबाहेरचा, न्यायिक अनुभवाचा असावा. निर्णयाला मुदत असावी, आणि मुदत ओलांडली तर व्याज आपोआप लागावे, अर्ज न करता.

८. सामाजिक प्रभाव मूल्यांकनाला सूट दिली तरी त्या जमिनीवर पोट असलेल्या कुटुंबांची यादी ग्रामसभेत करावी. सहा महिने नकोत. गावाला आपले मजूर एका बैठकीत सांगता येतात.

यातल्या तिसऱ्या आणि चौथ्या मागणीला ना कायदा बदलावा लागतो, ना मंत्रिमंडळाची बैठक. आपल्यातला कोणीही प्रांत किंवा भूसंपादन अधिकारी उद्यापासून ते करू शकतो.

खातेदाराचा पट्टा घालून दोन्ही कायद्यांची आकृती मी काढली आहे आणि त्या कार्यालयाला पोचपावतीसह पाठवली आहे. ज्या कार्यालयाला हवी असेल त्याने मागावी, फुकट देईन. चुका असतील तर कलम दाखवून दुरुस्त कराव्यात. उत्तर मात्र लेखी हवे, मागणीच्या क्रमांकानुसार. तोंडी ‘बघू’ वडिलांनी भरपूर ऐकले आहे.

आपली,
एका खातेदाराची मुलगी, आणि वारस नोंदीनुसार सहहिस्सेदार